कढई घासली का?

आत्याबाई,

तुम्हाला कॉम्प्युटरातलं काही कळत नव्हतं आणि त्याचा तुम्हाला जराही कमीपणा वाटत नव्हता. नवी सून म्हणून मी या घरात आले तेव्हा डिप्लोमाची पुस्तकं चुलीवरच्या फळीवर ठेवायची. चौथी शिकलेल्या तुम्ही एकदा त्यातलं एक उघडून पान न् पान निरखलंत आणि म्हणालात, "ह्यात वाचायला काय बी न्हाय, नुसते कंस हायेत." खरंच होतं ते. अजूनही माझा अर्धा दिवस कुठला कंस बंद करायचा राहिला हे शोधण्यात जातो. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, इतक्या वर्षांत कधी लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण लिहायला बसले ती आजच. गेल्या आठवड्यात मी परक्या माणसांशी खोटं बोलले. तुमच्याशी एकदा बोलले होते तेच खोटं, आणि तेवढंच एका शब्दाचं.

खव्याची भट्टी आता दीर आणि जाऊबाई बघतात. छपरावरचे पत्रे नवीन आहेत, बाकी सगळं तुम्ही ठेवलं तसंच आहे. कळंबच्या रस्त्याला लागून ती मोकळी जागा, मधे भट्टी आणि तिच्यावर दोन माणसांनी मिळून उचलावी एवढी लोखंडी कढई. उजाडता उजाडता गावातून दूध यायचं, तुम्ही ते कढईत ओतायचात आणि लांब दांड्याचं उलथणं घेऊन जाळापुढं बसायचात. खवा उतरवल्यावर तळाला खरवड चिकटलेली राहते. ती राख आणि विटेचा तुकडा घेऊन घासून काढायची, तळावरून हात फिरवला तर कुठं अडता कामा नये. नाहीतर आजचा करपट वास उद्याच्या दुधाला लागतो, आणि तो वास मोठा लबाड असतो. दूध ओतताना येत नाही, उकळी फुटताना येत नाही, सगळं आटून गोळा व्हायला लागला की मग येतो. तोवर करण्यासारखं काही उरलेलं नसतं. म्हणून दूध ओतायच्या आधी तुम्ही रोज न चुकता विचारायचात, "घासली का?" जिनं घासली तिनं "व्हय" म्हणायचं, आणि तुम्ही दूध ओतायचात. कढईत डोकावून कधी पाहत नव्हतात. मला त्याचं नवल वाटायचं. एकदा मी म्हणाले, "आत्याबाई, जरा हात फिरवून बघितलं तर काय होतंय?" तुम्ही म्हणालात, "इचारल्यावर बघायचं, म्हंजे माणसाला तोंडावर खोटं पाडायचं. बघायचंच असंल तर मग इचारावं कशाला?"

लग्न झालं तेव्हा माझं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. माहेरी, बेंबळीला, सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की आता पुस्तकं माळ्यावर जाणार. तुमचे चिरंजीव माणूस भला, पण भल्या माणसाच्या आधी कुणीतरी दुसऱ्यानं बोलावं लागतं. तुम्ही बोललात. लग्नाच्या पाचव्या दिवशी, भाकरी वाढता वाढता, कुणाकडेही न बघता. "दूध अर्धं आटवून कुणी खाली उतरवतं का? जाऊ द्या तिला." त्यावर घरात चर्चा झाली नाही. त्यानंतर वर्षभर मी सातच्या एसटीनं तेव्हाच्या उस्मानाबादला जात राहिले. भट्टीवर येणाऱ्या बायका टोमणे मारायच्या, सून बसमधी आन् सासू जाळापुढं, उलटी गंगा वाहायलीय. तुम्ही उलथणं न थांबवता म्हणायचात, "वाहू द्या की. पानी तेच हाय." मी डब्यात भाकरी बांधत ते ऐकायची आणि बसमध्ये खिडकीशी बसून उगीचच डोळे पुसायची. त्या बदल्यात तुम्ही माझ्याकडे एकच काम ठेवलं होतं. संध्याकाळी आलं की कढई घासायची.

परीक्षेच्या दिवसांत एकदा मी ती घासली नाही. आल्या आल्या पुस्तक घेतलं, जरा वेळानं घासू म्हणाले, वरवर पाण्यानं विसळली आणि तशीच सोडली. सकाळी तुम्ही दुधाची घागर उचललीत आणि विचारलंत, "घासली का?" मी वेणी घालत होते. "व्हय," म्हणाले. तुमचा उजवा खांदा त्या दिवसांत धरला होता, नाही म्हटलं असतं तर तुम्ही त्याच खांद्यानं घासत बसला असतात, म्हणून मी व्हय म्हणाले, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला समजावत आले. ती शुद्ध थाप आहे. मला बस गाठायची होती आणि नाही म्हणायची लाज वाटत होती.

त्या दिवशीचा खवा जळकोटच्या एका लग्नाच्या पेढ्यांसाठी होता. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून मी घरीच. कळंबचे पेढेवाले गाडीवरून उतरले ते फडक्यात बांधलेला गोळा हातात घेऊनच. ओरडले नाहीत, तेच वाईट होतं. "मावशी, वास घिऊन बघा. तुमच्या भट्टीचा गोळा म्या कधी फोडून बघितला न्हाय. काल पेढं वळायला बसलो तवा कळलं." तुम्ही वास घेतलात. आदल्या दिवशी धुरात बसलेल्या तुमच्या नाकाला तो कळला नव्हता. मी दारात उभी, दीर दुधाचे कॅन उतरवत होते, हे त्यांच्या मागं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझ्याच हातनं कढई ऱ्हायली," तुम्ही म्हणालात, "वय झालं आता. आजचा गोळा घिऊन जावा, ह्यो चांगला हाय." ते गेले. दिरांनी पुढचा कॅन उतरवला.

दुपारी मी हौदावर भांडी धूत होते. तुम्ही येऊन शेजारच्या दगडावर बसलात. मला वाटलं, आता तोंडसुख घेणार, घ्यावं, मला बरं वाटेल. तुम्ही आवाज चढवला नाही. "घासली न्हाईस, त्याचं काय न्हाय. घाईत ऱ्हातं माणसाचं. व्हय कशाला म्हणालीस?" मी तेच ताट पुन्हा विसळायला घेतलं. "न्हाय म्हणाली असतीस, तर म्या घासली असती. अर्ध्या तासाचं काम. व्हय म्हणालीस, आन् आता कुठं घासायची ती?" एवढं बोलून तुम्ही हौदातलं तांब्याभर पाणी प्यायलात आणि उठून गेलात. मला वाटलं, उद्यापासून तुम्ही कढईत हात घालून बघणार. त्या संध्याकाळी मी बोटांची सालं जाईस्तोवर कढई घासली. सकाळी तुम्ही घागर उचललीत आणि कालच्याच, परवाच्याच आवाजात विचारलंत, "घासली का?" "व्हय," मी म्हणाले. तुम्ही न बघता दूध ओतलंत. लग्नात तुम्ही मला दोन पाटल्या घातल्या होत्या, त्या आजही कपाटात आहेत. पण तुम्ही मला दिलेलं सगळ्यात मोठं काय, असं कुणी विचारलं तर मी त्या सकाळचं नाव घेईन.

आता माझ्या कामाचं सांगते. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळत नाही, मधे दुभाषी लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. दूध डेअरीवर फॅट मोजायचं यंत्र असतं ना, त्याच्या आतली इलेक्ट्रॉनिक पाटी बनवणारी पुण्याची एक लहान कंपनी आहे, तिचं काम मी घरून करते. पोरं मोठी झाल्यावर पुन्हा लागलेली नोकरी, अजून पक्की व्हायची आहे. आमच्या चिपला हवा तसा दुभाषी तयार मिळत नव्हता, म्हणून तो मुळापासून इथंच बिल्ड करायचं, म्हणजे बांधून काढायचं, माझ्याकडे आलं. त्याचा सोर्स, म्हणजे मूळ लिखाण, जगभरातली माणसं मिळून लिहितात आणि कुणालाही देतात. हजारो फायली. कुठली आधी लावायची, कुठली मागून, हे हातानं ठरवायला बसलं तर जन्म पुरायचा नाही, त्यासाठी बिल्ड जनरेटर असतो. तो स्वतः काही शिजवत नाही. मशीन विंडोजचं असो की लिनक्सचं, तो आधी घर हिंडून बघतो, कोणती हत्यारं आहेत, कुठं ठेवलीत, आणि त्या घरापुरती कामाची यादी लिहून देतो. जे एकदा विचारलं ते बिल्डच्याच फोल्डरमधल्या एका फायलीत टिपून ठेवतो आणि पुन्हा विचारत नाही. तुम्ही रोज विचारायचात, हा एकदाच विचारतो. म्हणून नियम असा की बिल्डसाठी वेगळा, कोरा फोल्डर घ्यायचा, आणि मधे हत्यार बदललं तर तो फोल्डर पुसून पहिल्यापासून सुरू करायचं.

मी मधे हत्यार बदललं आणि फोल्डर पुसला नाही. माझ्या लॅपटॉपवर पहिल्यापासून म्हणजे आख्खा दिवस जातो, साहेब रोज सकाळी फोन करून झालं का विचारत होते, आणि लाइटीचा भरवसा तुम्हाला माहीत आहे. ऐंशी टक्के झालं, नव्वद झालं, सगळं कसं सुरळीत. आणि गोळा व्हायला आला तेव्हा पडदाभर लाल अक्षरं. मी त्या लिहिणाऱ्या मंडळींच्या चर्चेच्या पानावर ठोकून दिलं की तुमच्या सोर्समध्ये दोष आहे. जरा तोऱ्यातच लिहिलं. तासाभरात कुठल्या तरी लांबच्या देशातल्या बाईंचं उत्तर आलं. कोऱ्या फोल्डरमध्ये पहिल्यापासून करून पाहिलंत का? मी लिहिलं, हो.

दोन दिवस त्या बाई माझ्या त्या 'हो'वर विसंबून स्वतःच्या कामात दोष शोधत बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, सुट्टीचा दिवस यातच गेला, तीन वेगवेगळ्या मशीनवर करून पाहिलं, मला दोष सापडत नाही, माफ करा, पण मी अजून शोधतेय. माफी त्यांनी मागितली, आत्याबाई. ते वाचलं आणि हौदाजवळची ओली जमीन डोळ्यांपुढं आली. मी फोल्डर पुसला. सकाळी लावलेलं बिल्ड दिवे लागायच्या सुमाराला शंभर टक्क्यांना पोचलं, एकही लाल अक्षर नाही. खरं तर आता गप्प बसता आलं असतं. 'आपोआप सुटलं' एवढं लिहून मोकळं होता आलं असतं, असं लिहिणारे शंभर असतात. साहेबही ते पान वाचतात, नोकरी पक्की व्हायची आहे, हेही मनात आलं. पण तुम्ही शेजारच्या दगडावर येऊन बसला होतात, काय करणार. मी लिहिलं, मी हो म्हणाले ते खोटं होतं, फोल्डर जुनाच होता, दोष तुमचा नाही, माझा आहे, शोधणं थांबवा. बाईंचं उत्तर आलं, सांगितलंत हे चांगलं केलंत, असं इतरांचंही होत असेल, आमच्या सूचनांमध्ये तेवढी एक ओळ घालाल का? मी घातली. हत्यार बदललं तर बिल्डचा फोल्डर आधी पुसा. जगभर कुणीही तो कंपायलर बिल्ड करायला घेतला की ती ओळ वाचेल, आणि ती कळंबच्या रस्त्यावरच्या भट्टीवरून आलीय हे कुणाला कळायचं नाही. साहेब फक्त म्हणाले, "बिल्ड झालं ना? मग पुढं चला." हुश्श झालं. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि ते तुमच्यामुळं.

इथंच पत्र संपवलं असतं तर बरं दिसलं असतं. पण आज रविवार आहे, दीर भट्टीवरून आलेत, बाहेरच्या खोलीत पोरांना गोष्ट सांगताहेत आणि ती मला इथं ऐकू येतेय. "तुमच्या आजीच्या हातनं उभ्या जन्मात एकदाच कढई ऱ्हायली. म्हातारपण कुणाला चुकलंय?" दर दिवाळीला सांगतात. तुमच्या दहाव्यालाही सांगितली होती, डोळे पुसत. प्रेमानंच सांगतात. ह्यांनाही तेच खरं वाटतं, पोरंही हसतात, आणि इतकी वर्षं मी चहाचे कप फिरवत त्यांच्यात हसत आलेय. सातासमुद्रापलीकडच्या बाईला, जिचं तोंडही मी कधी पाहायची नाही, तिला मी सगळं कबूल केलं. या घरात तुमच्या नावावर एकच डाग आहे आणि तो माझा आहे, हे घरातल्या कुणाला माहीत नाही.

दिरांचा चहा इथं ओट्यावर निवत चाललाय. आज सांगूनच टाकते, असं लिहायला हात शिवशिवतोय. पण ते लिहिणं म्हणजे आधीच व्हय म्हणून मोकळं होणं झालं. हे पत्र मी फळीवर, माझी पुस्तकं असायची तिथं, घडी करून ठेवते आणि चहा घेऊन बाहेर जाते. आत्ता तुम्ही विचारलंत, घासली का, तर न्हाय, आत्याबाई. अजून न्हाय.