मागच्या उताराची भिंत

शनि., १ नोव्हें.
शेवटची चिमटी ओतून झाली एकदाची. बोलिव्हियात तिवानाकूचे दगड बघून आल्यापासून आमच्या ह्यांच्या डोक्यात दुसरं काही नाही. इंकांच्या कितीतरी आधीची ती माणसं. चुना नाही, माती नाही, दगडाला दगड असा भिडवलेला की फटीत सुरी जात नाही. दोन दगडांत मिळून एक खाच कोरायची, तिच्यात वितळलेला धातू ओतायचा, थंड झाला की दोघे जखडले; हीच ती चिमटी. ऐकून ऐकून मला पाठ झालंय. आता इथे बॉथेलमध्ये, आमच्या घरामागच्या उताराला तस्सीच भिंत. छातीइतकी उंच. गॅरेजची भट्टी झालीय. हात भाजलाय, सांगत नाहीत. भिंत मात्र देखणी आहे, खोटं कशाला बोलू.

रवि., ९ नोव्हें.
आठवडाभर पाऊस. मीनलचा पोर्टलंडहून फोन, थँक्सगिव्हिंगला येतेय. पिल्लू आजोळी पहिल्यांदाच! खालची मागची खोली आवरली, क्रिब तिथेच लावू. खिडकीतून भिंत अगदी समोर, चार हातांवर, आणि तिच्यामागे वर सगळा उतार. जरा पोट सुटल्यासारखी वाटली. ह्यांना विचारलं तर म्हणे उजेडाचा भास.

बुध., १२ नोव्हें.
सकाळी हे भिंतीवर ओळंबा सोडून उभे. मला पाहिलं आणि दोरी खिशात. जन्मभर पूल डिझाइन केलेला माणूस, आणि शाळकरी पोरानं सिगरेट लपवावी तशी दोरी लपवतोय. मी काही बोलले नाही. का नाही बोलले?

रवि., १६ नोव्हें.
बोलले. भांडण. मीनल आणि पिल्लूला वरच्या खोलीत झोपवू म्हटलं. तर म्हणे, मग मी भिंत बांधली कशाला? म्हणजे वरची खोली दिली की भिंत कच्ची असं कबूल करावं लागणार, म्हणून तीन महिन्यांचं पोर खाली. ताटावरून उठले. मी जेवले. रागावर उपाशी राहायचे दिवस गेले माझे.

गुरु., २० नोव्हें.
आज स्वतःहून जवळ येऊन बसले. तिवानाकूचे फोटो काढून दाखवले. मोठा चौथरा, त्याच्या पोटातून दगडी पन्हाळ, पावसाचं पाणी टप्प्याटप्प्यानं खाली नेणारी. "चिमट्या कुठे आहेत बघ," म्हणाले. पन्हाळीच्याच दगडांत. त्या लोकांनी पाण्याला वाट केली, आणि ती वाट हलू नये म्हणून दगड जखडले. ह्यांनी नुसतं जखडणं उचललं. मागे खडी भरली, पण पाणी बाहेर काढायचा प्लॅस्टिकचा पाइप नको, म्हणे त्या लोकांकडे कुठे प्लॅस्टिक होतं. सुरी जात नाही तिथून पाणी कसं जाणार? मागे साचतंय आणि ढकलतंय.

मग उतरवा ना एकेक दगड, म्हटलं. तर उतरवता येत नाही. एक चिमटी कापली तर सगळंच एकदम यायचं. कॉन्ट्रॅक्टरांना फोन केले, सणाच्या आधी कोणी मोकळं नाही. मीनलला सांगा म्हटलं. "मी सांगतो," म्हणाले.

मंगळ., २५ नोव्हें.
मीनलचा फोन. उद्या निघतेय. हे पिल्लूच्या झोपेचं बोलले, रस्त्याचं बोलले, खोली तयार आहे म्हणाले, आणि फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, सावकाश या. लाज वाटते लिहायला. दोघांचाही राग येतोय, ह्यांचा आणि माझा.

बुध., २६ नोव्हें.
सकाळपासून हे ड्रिल घेऊन भिंतीच्या पायथ्याशी. खालच्या थरात भोकं पाडतायत, पाणी निघावं म्हणून. म्हटलं, "अंगावर आली तर मी काय करू?" "तू आत जा." गेले नाही. छत्री धरून उभी राहिले, काय उपयोग होणार होता देव जाणे. एक भोक आरपार गेलं, तांबडं पाणी उडालं. म्हणाले, निवळ यायला लागलं तर बरं, गढूळच राहिलं तर आतली माती चाललीय.

तेवढ्यात मीनलचा फोन, टॅकोमा ओलांडलं, तासाभरात पोचते म्हणाली. ह्यांनी चिखलाच्या हातानं माझा फोन घेतला.

"मीनल, माझी भिंत सरकतेय. बाळाला घरी आणू नकोस. हॉटेलात थांबा."

ती म्हणाली, "बाबा, आई कुठेय?"

"इथेच. माझ्याजवळ."

"मग आधी आईला तिथून काढा."

फोन स्पीकरवर होता, मी ऐकत होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, दंडाला धरून पुढे रस्त्यापर्यंत आणलं, गाडीत बसवलं, फोन हातात दिला. तुम्हीही बसा म्हटलं. अजून दोन भोकं राहिलीत म्हणून परत गेले. हाक मारली, मागे वळले नाहीत. मूर्ख माणूस. माझा मूर्ख माणूस.

पर्समधली ही वही काढून लिहितेय, हातांना काहीतरी हवं म्हणून. काच खाली केलीय, पाऊस आत येतोय. ड्रिल ऐकू येतंय तोवर ठीक आहे. मीनलचा परत फोन, उचलत नाही, आवाज नीट ऐकू यायला हवा. ड्रिल चालू आहे. अजून चालू आहे.

आता थांबलं.