खांद्यावरचं पितळी फूल

रविवार, संध्याकाळ. बेहाला.

शी! दोनदा साबण लावला तरी मानेला अजून पितळेचा वास येतोय.

आमच्या चिलखती लढतीच्या टीमसाठी खांद्यांची कवचं निवडली ती कॅप्टननं, अनिर्बाणदानं. चकचकीत, आणि वर हे एवढं पितळी फूल. दुकानात आम्ही सगळे आरशासमोर हात खाली सोडून उभे राहिलो. हात वर करून बघायचं एकालाही सुचलं नाही. मलाही नाही! तलवार काय हात खाली सोडून चालवणार होतो?

आज डमडमच्या मैदानावर पहिला सराव. हात उचलला की पत्रा वर सरकतो आणि फुलाची कड मानेत रुतते. श्रीजाला ढाल वर घेताच आली नाही, घाव थेट हेल्मेटवर बसला. बिचारी मटकन खाली बसली. आणि अनिर्बाणदा काय म्हणाला? "सवय होईल. फोटोत कसले भारी दिसता तुम्ही!"

मी श्रीजाचं हेल्मेट काढायला धावले.

मग तो स्वतः लढायला उतरला. तलवार आरामात डोक्यावर नेली. तेव्हा त्याच्या खांद्यांकडे नीट पाहिलं. त्याची ती जुनीच कवचं, काळपट, पोचे आलेली.

फूल नव्हतं.