जमिनीखालचे शिंपी

फादर, परवा खूप वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं. तुमच्या शिंपल्यांच्या पेट्या इथल्या एका संग्रहालयात इतकी वर्षं नुसत्याच पडून होत्या, त्या आता उघडून नीट लावायला घेतल्या आहेत. ते काम करणारी मुलगी बजाजनगरहून रोज बसने येते. पेट्यांमधल्या मराठी चिठ्ठ्या ज्या बाईंनी लिहिल्या त्या अजून इथंच राहतात, असं तिला कुणीतरी सांगितलं आणि तिने मला बोलावून घेतलं. मी गेले. टेबलावर माझं चौदाव्या वर्षीचं गोल, टपोरं अक्षर मांडून ठेवलं होतं, आणि त्याच्या शेजारी तुमचं, उजवीकडे कललेलं, घाईत असल्यासारखं. तुम्ही तर कधीच घाईत नसायचात.

तुमच्याकडे मी आले ती त्या अक्षरामुळेच. आमच्या कॉन्व्हेंटच्या मोठ्या सिस्टरनी एका शुक्रवारी मला वर्गातून उठवलं आणि सांगितलं, की छावणीतल्या चर्चच्या फादरना चिठ्ठ्या लिहायला कुणीतरी हवं आहे, तू शनिवारी दुपारी जात जा. घरी आई आधी नाहीच म्हणाली. "फादरकडं काय काम असतं पोरीचं?" मी म्हटलं, शंख-शिंपले धुवायचेत. ती म्हणाली, "शिंपले? इथं कुठं आलाय समुद्र?" शेवटी तिने डबा भरून दिला आणि बजावलं, की तिथलं अंडंबिंडं काही खायचं नाही. त्या डब्यातली निम्मी भाकरी आणि जवळजवळ सगळा ठेचा तुम्ही खायचात, हे मी तिला दोन वर्षं सांगितलं नाही. सांगितलं तेव्हापासून ती डबाच मोठा द्यायला लागली.

आईने विचारलं ते बरोबरच होतं. समुद्र मीही तेव्हा पाहिलेला नव्हता. चर्चच्या मागच्या दोन खोल्यांपैकी एकीत तुम्ही झोपायचात आणि दुसरीत शिंपले असायचे. जिथे जिथे जुन्या गावांच्या जागी खोदकाम चालायचं, तिथून पत्र्याच्या डब्यांतून, कापडी पिशव्यांतून ते तुमच्याकडे यायचे. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, कवड्या, नदीतल्या शिंपा. कोणता प्राणी, कुठल्या पाण्यातला, माणसाने त्याचं काय केलं, ते तुम्ही ओळखून लिहून पाठवायचात. रविवारी प्रवचन, बाकीचे दिवस लग्नं, आजारी माणसं, शाळेच्या फिया माफ करण्याच्या चिठ्ठ्या, आणि उरलेल्या वेळात हे. एकदा गोदाकाठच्या टेकाडातून आलेला बांगडीचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवून तुम्ही म्हणालात, "हा शंख समुद्रातून इथे चालत आला. कुणाच्या तरी डोक्यावर बसून. किती दिवस, तू मोज." मी मोजायचा प्रयत्न केला होता. अजूनही समुद्रावर गेले की मी पाण्याकडे पाठ करून आधी इकडची दिशा शोधते.

आपला एक करार होता. तुम्ही मला शिंपल्यांची लॅटिन नावं शिकवायची आणि मी तुम्हाला मराठीतलं तो, ती, ते. तुमची मराठी तशी छान होती, पुस्तकातून आलेली, पण खुर्ची तुमच्याकडे 'तो' होती आणि चमचा 'ती'. सगळ्यात हट्टी होती 'चूक'. शाई सांडली की तुम्ही म्हणायचात, "चूक माझा." मी म्हणायचे, "माझी, फादर. चूक माझी." तुम्ही मान हलवायचात. "चूक मी केला. मी पुरुष. मग चूक पण पुरुष." "तरी माझीच म्हणायचं," असं मी सिस्टरांच्या आवाजात सांगायचे, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

शाळेच्या स्नेहसंमेलनातलं तुमचं भाषणही असंच झालं. तुम्हाला पाहुणे म्हणून बोलावलं होतं आणि तुम्ही आग्रहाने मराठीत बोललात. "मी शिंप्यांचा अभ्यास करतो," तुम्ही म्हणालात, आणि पालकांमध्ये थोडी चुळबूळ झाली. मग तुम्ही अजून स्पष्ट करायला गेलात. "जमिनीखाली सापडलेल्या, फार जुन्या शिंप्यांचा." सगळा हॉल हसला. नदीतली शिंपी आणि कपडे शिवणारा शिंपी आमच्या भाषेत एकाच रूपात जाऊन बसतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. तुम्ही थांबलात, हसणाऱ्यांकडे बघून तुम्हीही थोडं हसलात, आणि पुढचं सगळं भाषण घडी करून खिशात ठेवलंत. ते भाषण तुम्ही चार शनिवार माझ्यासमोर पाठ केलं होतं. ते वाक्य मी चारही वेळा ऐकलं होतं आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्या हसण्यातूनच मास्टरचाचा आले, ही मात्र चांगली गोष्ट झाली. ते आमचे गणवेश आणि नाटकाचे कपडे शिवायचे, मूळचे खुलताबादचे, आणि त्या दिवशी हॉलमध्ये मागे उभे होते. पुढच्याच शनिवारी गळ्यात टेप तशीच ठेवून ते तुमच्या दारात आले. "फादरसाब, सुन्या हूँ आप जमीन में से दर्जी लोगां निकालते. हमारे खानदान के कित्ते निकले?" तुम्ही अगदी गंभीरपणे म्हणालात, "अजून एकही नाही. तुम्ही पहिला." त्यानंतर ते दर पंधरा दिवसांनी यायला लागले. तुमच्या झग्याची बाही उसवलेली त्यांना बघवायची नाही. बाही शिवता शिवता विचारायचे, "ये शिंपल्यां देख के पेट भरता क्या फादरसाब?" आणि तुम्ही माझ्या डब्याकडे बोट दाखवायचात.

मग ती चकती आली. त्याच गोदाकाठच्या टेकाडातली, शिंपल्यातून कापलेली, आठ आण्याच्या नाण्याएवढी, मधोमध शेजारी शेजारी दोन भोकं. तुम्ही ती भिंगाखाली धरून मला समजावून सांगितलं. गळ्यात लोंबत असेल तर दोरा भोकाची वरची कड झिजवतो. कापडावर शिवलेली असेल तर दोन भोकांच्या मधली जागा झिजते. कापड जमिनीत कुजून जातं, त्याचं काही उरत नाही, पण शिंपीवर दोऱ्याची खूण राहिली तर ती त्या कापडाची साक्ष. तुम्ही खूप वेळ पाहिलंत. "थोडा झीज वाटतो. नसेल पण," तुम्ही म्हणालात. भिंग खाली ठेवलंत आणि हसलात. "खूण असती, तर माझं वाक्य खरं झालं असतं. जमिनीखाली शिंपी."

पुढच्या शनिवारी तुम्ही कुणाच्या तरी आजारपणात बाहेर गेला होता आणि मी एकटीच सफाई करत होते. भोकांतली माती बांबूच्या काडीने काढायची, असा तुमचा नियम होता. माझ्या कंपासपेटीत आईची गोधडीची जाड सुई होती. तुम्ही परत आलात, चकती भिंगाखाली घेतलीत, आणि एका भोकातून दुसऱ्या भोकाकडे गेलेली बारीक रेघ तुम्हाला दिसली. तुम्हाला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या मारल्यात. पूर्ण आठवडाभर बसून त्या टेकाडावरच्या तुमच्या लेखाची चार पानं नव्याने लिहिलीत, पाकिटावर पत्ता घातलात आणि सोमवारी टपालात टाकण्याआधी, शनिवारी, मास्टरचाचांना मुद्दाम निरोप धाडलात. या, तुमच्या खानदानातला एक सापडला.

ते आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी चकती उघड्या डोळ्यांनी, खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून पाहिली. मग हळू आवाजात म्हणाले, "फादरसाब, एक बात बोलूं? बुरा नक्को मानो. धागा ऐसा नै काटता. धागा घिसता, गोल करता. ये सुई की नोक है. और ताजी है. अंदर की सफेदी देखो." तुम्ही भिंग लावून पाहिलंत. चाचांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावर उघड्या पडलेल्या माझ्या कंपासपेटीकडे पाहिलं, तिचं झाकण एका बोटाने लावलं आणि म्हणाले, "चाय मिलेगी क्या?"

चहा पिऊन ते गेल्यावर तुम्ही पाकीट फोडलंत. चारही पानांवर आडवी रेघ मारलीत, पट्टी लावून, सरळ. "चूक माझा," तुम्ही म्हणालात. आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "माझी." तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. "काय?" मी म्हटलं, "चूक माझी. म्हणजे, असं म्हणायचं असतं." "हो," तुम्ही म्हणालात, "असं म्हणायचं असतं." आणि थांबलात. बाहेर माळी झाडांना पाणी घालत होता, ते सगळं पाणी घालून होईपर्यंत तुम्ही थांबला होता, असं मला आज वाटतं. मी शाईच्या दौतीचं झाकण लावलं, एकदा, मग उघडून पुन्हा एकदा. वर्गातल्या कॅथलिक मुली चर्चमधल्या लाकडी पेटीत गुडघे टेकून तुम्हाला सगळं सांगून मोकळ्या व्हायच्या. मला ती सोय नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. टेबल तर तिथेच होतं, आणि तुम्ही समोर.

पुढच्या शनिवारी माझ्या जागेवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक ब्रश होता. इतक्या मऊ केसांचा ब्रश मी तोवर हातात घेतला नव्हता. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "शिंपीला विचारायचा. सांगायचा नाही." तेवढंच. मी त्या वेळी तुमचं व्याकरण सुधारलं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. शेवटचा झगा मास्टरचाचांनी शिवला आणि बाही पुन्हा पुन्हा ओढून पाहिली. त्यानंतर मी मराठीची शिक्षिका झाले, निवृत्तही झाले. लिंगविचार शिकवताना फळ्यावर पहिलं उदाहरण 'चूक' असायचं, आणि मुली विचारायच्या, बाई दर वर्षी हेच का. माझं बरं चाललं आहे, फादर. घर शांत आहे, गुडघे कुरकुरतात, पण शनिवारी छावणीपर्यंत चालत जाऊन येते. तुमचा ब्रश देवघरात आहे. देवांच्या मुकुटांतली धूळ त्यानेच निघते. केस बरेच झडले, तरी मऊ आहे.

परवा त्या मुलीने चकती माझ्यापुढे ठेवली आणि तिच्याबरोबरचं तुमचं कार्ड. वर सगळं इंग्रजीत, माप, थर, पाण्याची जात. खाली, मला वाचता यावं म्हणूनच जणू, मराठीत: 'ओरखडा साफ करताना झाली. चूक माझा.' तारीख चाचा आले त्याच शनिवारची. ती म्हणाली, "मॅडम, फादरांच्याच हातून झालाय म्हणायचा. यादीत तसंच टाकते. आणि हे 'माझा' चुकलंय ना? 'माझी' करू का?" मी म्हटलं, नको, कार्डाला हात लावू नकोस. मग विचारलं, त्या रेघेखाली खरी झीज होती का, ते आता यंत्राने कळेल का. तिने चकती तिरपी धरली. "नाय कळणार आता. असली तरी याच्याखाली गेली." नंतर तिला सांगितलं, की सुई माझी होती. फादर त्या दिवशी खोलीत नव्हतेच. ती हसली, म्हणाली, "किती लहान असाल तुम्ही तेव्हा." आणि तिने लिहिलं, 'सफाई करणाऱ्या विद्यार्थिनीच्या हातून, सुई घसरल्याने.' तुमच्या नावावरची चूक उतरली, म्हणून मी हलकी होऊन घरी आले. वाटेत जिलेबीसुद्धा घेतली.

पण 'घसरल्याने' हा शब्द तिचा नाही, फादर. तो मी दिला. नवऱ्यालाही मी आयुष्यभर असंच सांगत आले होते. हे पत्र कुठे टाकायचं नाही, घडी करून ब्रशाखाली ठेवायचं आहे, तेव्हा निदान इथे तरी नीट लिहिते. हॉलमध्ये सगळे हसले तेव्हा मीही हसले होते, रिबिनीचं टोक तोंडात धरून, आणि तुम्ही माझ्याच रांगेकडे पाहत होता. म्हणून मला तुमच्यासाठी जमिनीखाली एक तरी शिंपी सापडायला हवा होता. आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई मी आदल्या रात्रीच काढून कंपासपेटीत ठेवली होती. एका भोकातून दुसऱ्या भोकापर्यंत ती मी तीनदा ओढली, हलक्या हाताने, अक्षर गिरवतात तशी. सुई घसरली नव्हती.

चूक माझी, फादर. या वेळी व्याकरणापुरतं म्हणत नाही.