आठ नंबरच्या टोपीची व्यवस्था

मी, व्हिक्को राडिमिर, वय वर्षे शहात्तर, धंदा आधी वॉटर पोलो खेळणे व नंतर तो देशोदेशी शिकवणे, राहणार बोका खाडी, स्वखुशीने लिहून ठेवतो की माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था खालीलप्रमाणे व्हावी. डॉक्टरांनी माझ्या हृदयाबद्दल नाही नाही ते लिहिले आहे. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. निदान जिवंत माणसाचा नाही.

कलम १. धक्क्यावरचे दगडी घर पुतण्या दांको याला. समुद्राकडची खिडकी मी खिळे ठोकून बंद केली आहे, ती त्याने उघडावी. मला धीर झाला नाही.

कलम २. ग्रीस, इजिप्त व ब्राझील येथील पदके इथल्या क्लबला द्यावीत. माजी अध्यक्षांना मात्र त्यांना हात लावू देऊ नये. त्यांनी मला संघातून काढल्याचे माझ्याच लग्नात सांगितले, तेही सूप संपायच्या आत. माझी शिट्टी माझ्याबरोबर पुरावी. ती पुन्हा कुणी वाजवू नये.

कलम ३. कपाटातील आठ नंबरची निळी टोपी देसा हिला द्यावी. देसा मासळीबाजारात बसते. ती ओस्तोयाची बहीण, आणि ओस्तोया माझा खेळाडू; पाण्यात नंबर टोपीवरच असतो, आठ त्याचा. दर उन्हाळ्यात ती मला अंजिरे आणून देते आणि दारातूनच ओरडते, "हाडं राहिलीत नुसती, खा मेल्या!" मग हळू आवाजात म्हणते, "तू त्याला माणूस करायला निघाला होतास, व्हिक्को. त्यालाच अक्कल नव्हती." ती अंजिरे मी शेजारच्या पोरांना वाटून टाकतो.

देसाला आम्ही क्लबवाल्यांनी असे सांगितले होते की ओस्तोया दारू पिऊन एकटाच पाण्यात उतरला आणि बुडाला. ते खोटे आहे. ऑगस्ट १९८४ मध्ये तो खाडीतल्या माझ्या सरावात, माझ्या डोळ्यांसमोर बुडाला. तो बावीस वर्षांचा होता आणि थेंबभरही प्यायला नव्हता.

आमच्या खेळात बुडण्याचे सोंग घेतात. कुणी नुसता हात लावला तरी खेळाडू गटांगळी खातो, म्हणजे रेफरी फाऊल देतो. ही विद्या ओस्तोयाला मी शिकवली, आणि चेला गुरूच्या वरताण निघाला. त्या दिवशी त्याच्या कानशिलावर एक कोपर बसला. कोपर कुणाचा, ते मी लिहिणार नाही. तो पाण्याखाली गेला तेव्हा मी धक्क्यावरून हसलो. "ऊठ रे नाटक्या, इथे रेफरी नाहीये!"

पाण्यातून कुणीतरी म्हणाले, "कोच, तो वर येत नाहीये."

"दम संपला की येईल," मी म्हणालो आणि शिट्टी वाजवून खेळ पुढे चालू केला.

संध्याकाळी क्लबचे अध्यक्ष म्हणाले, हे बाहेर पडले तर क्लब बंद पडेल. दारूची गोष्ट त्यांनी रचली, देसाच्या दारात जाऊन ती सांगितली मी. आमच्यापैकी कुणीही तोंड उघडले नाही.

त्यानंतर मी तीन देशांत शिकवले आणि कुठेही आठ नंबर कुणाला दिला नाही. सरावाला तेरा जण उतरवायचो आणि टोप्या मोजायचो, तर चौदा भरायच्या. पुन्हा मोजायचो, पुन्हा चौदा. ब्राझीलमध्ये एकदा मी सगळ्यांना बाहेर काढले. तेरा जण काठावर कुडकुडत उभे राहिले, आणि तलावात मधोमध निळी टोपी होती. मी जिंकलो की खेळाडू रीतीप्रमाणे मला कपड्यांसकट पाण्यात ढकलायचे. ते टाळायला मी दोन अंतिम सामने शेवटच्या मिनिटाला सोडून निघालो. लोक म्हणाले, व्हिक्कोला केवढा माज. मला भीती वाटत होती.

कलम ४. क्लबच्या फळ्यावर सगळ्या खेळाडूंची नावे आहेत, ओस्तोयाचे नाही. ते रंगवावे. माझे पुसून जागा झाली तरी चालेल.

कलम ५. हे मृत्युपत्र बाजार भरलेला असताना, देसाच्या ठेल्यासमोर, मोठ्याने वाचावे. जितेपणी माझी छाती झाली नाही. ती माझ्या थडग्यावर थुंकली तर तिला कुणी अडवू नये.

ठिकाण: बोका खाडी
दिनांक: १२ ऑगस्ट २०१९
सही: व्हिक्को राडिमिर

साक्षीदार १: येलेना, औषधविक्रेती. व्हिक्कोंनी माझ्यासमक्ष सही केली. ते पूर्ण शुद्धीत होते.

साक्षीदार २: ब्लाझो, निवृत्त नावाडी. सही माझ्यासमक्ष झाली. कलम तीन मी दोनदा वाचले, ते खरे आहे. कोपर माझा होता. वाचायला दुसरा कुणी शोधू नये, बाजारात मीच वाचीन. आणि व्हिक्को मरायची वाट न बघता, उद्याच.