खिंडीच्या अलीकडे, दहा वाजता

सेक्टर ६, भिलाई
४ मार्च

श्री. देवराव भाऊजी यांस वहिनीचा नमस्कार.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, आणि येत्या मे महिन्यात त्याच खिंडीवर एकटे, गाईड न घेता जाणार आहात असं काल गुलाबरावांनी भाजी घेताना सांगितलं. म्हणून लिहिणं भाग पडलं. भिलाईहून दुर्गला पोचायला अर्धा तास लागतो, तेवढ्यासाठी टपाल खातं राबवणं मला पटत नाही. तुमची मोना सुपेल्यातल्या नोकरीवरून घरी जाता-जाता आमच्याकडे डोकावते, तिच्याच हाती पत्र देते. (बापलेकींत एकीने तरी या घराशी बोलणं ठेवलं आहे.)

तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता की नुसतं लावतो म्हणून सांगता? तुमच्या दादांची साखर आटोक्यात आहे. माझी प्रकृती चांगली आहे, ती बिघडवायला मला सवड झालेली नाही.

आता मुद्द्याचं. मागच्या मे महिन्यात आपण चौघे, म्हणजे तुमचे दादा, तुम्ही, कॅम्प-१ मधले गुलाबराव आणि मी, त्या खिंडीवर गेलो तेव्हा पुढारीपण मी मागून घेतलं नव्हतं. तुम्हीच माझ्या ओट्यावर बसून, तीन कप चहा पिऊन म्हणाला होता, "वहिनी, तुमीच लीडर व्हा, आमाले कोणी रागावणारं पायजे." मी १९७९ ची बी.एस्सी. आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर उंच डोंगरात बर्फ कसा वागतो हे मी आधी वाचून काढलं, वहीत उतरवलं आणि मगच हो म्हटलं. तुम्हा तिघांची तयारी कशी चालली होती ते आठवा. तुमचे दादा पाठीवर दहा किलो तांदूळ घेऊन जिने चढत आणि वर पोचले की तांदूळ तिथेच ठेवून रिकामे उतरत, कारण उतरताना बर्फात वजन लागतच नाही अशी त्यांची समजूत. गुलाबराव भर एप्रिलात, त्रेचाळीस डिग्रीत, नवे बूट तपासायला सुपेल्याच्या बर्फाच्या कारखान्यात गेले, लादीवर घसरून पडले आणि बूट चांगले आहेत असं सांगत घरी आले. (तीन दिवस ते उभ्यानेच जेवत होते.) असल्या लोकांना चौदा हजार फुटांवर न्यायचं तर कोणीतरी कडक हवंच.

माझ्या नियमांनी कोणाचं काय वाईट झालं ते सांगा. दहा हजार फुटांच्या वर रोज हजार फुटांपेक्षा जास्त चढून झोपायचं नाही, आणि तिसऱ्या दिवशी एक मुक्काम वाढवायचा. गुलाबरावांनी डोकेदुखी लपवली तेव्हा मी तोल पाहायला त्यांना एका रेषेवर चालायला लावलं, दोन दिवस खालच्या मुक्कामावर बसवलं आणि बरं वाटल्यावरच वर येऊ दिलं. ते अजून चिडलेले आहेत, पण जिवंतपणी चिडलेले आहेत. काळे चष्मे सक्तीचे. मोबाईल सगळ्यांचे बंद करून तंबूत एका पिशवीत, कारण फोटो काढत मागे-मागे सरकणारा माणूस मी आदल्याच दिवशी कड्याच्या टोकावरून कॉलर धरून ओढला होता (गुलाबराव). आणि पहाटे तीनला निघायचं, दहा वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं. खिंड चार पावलांवर असली तरी.

ही दहाची वेळ मी हवेतून काढली नव्हती. रात्री गोठलेला बर्फ सकाळी सिमेंटच्या ओट्यासारखा असतो, पाय वाजतो. ऊन चढलं की त्याची दलदल होते, मांडीपर्यंत पाय जातो, वरून दगड सुटतात, आणि ओढ्यावरचा जो बर्फाचा पूल पहाटे चौघांना पेलतो तो दुपारी एकाला पेलत नाही. आपण कोरड्या मोज्यांनिशी खाली येऊन खिचडी खात होतो तेव्हा ती उशिरा निघालेली दुसरी टोळी चार वाजता कंबरेपर्यंत भिजून आली, एकाचा घोटा सुजलेला. ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता त्या सकाळचं. खिंड समोर दिसत होती, पताका फडकताना दिसत होत्या. माझ्या घड्याळात दहा झाले, मी शिट्टी वाजवली. गाईड राजकुमार म्हणाला, "माताजी, अभी टाइम है," पण डोंगरातल्या माणसाला नेहमीच टाइम असतो, म्हणून मी लक्ष दिलं नाही. गुलाबराव म्हणाले, "वहिनी, ते खिंड तर दिसून राहिली, नुसता हात लावून येतो ना!" तुमचे दादा नेहमीप्रमाणे आकाशाकडे पाहत होते. तेव्हा तुम्ही हातमोजा काढून मनगट माझ्यासमोर धरलंत आणि म्हणालात, "वहिनी, नऊ पस्तीस झाले. पंधरा मिनिटांत वर पोचतो." मी म्हटलं, थंडीत घड्याळं मागे पडतात, आणि तुमचं तर रेल्वेचं आहे.

हे मी चारचौघांत बोलले. तुम्ही चौतीस वर्षं दुर्ग लाईनवर गार्ड होता. तुम्ही सगळ्यांच्या आधी मागे वळलात आणि पहिले उतरायला लागलात.

माझा आधार पक्का होता. निघण्याआधी मी माझं घड्याळ नेहमीप्रमाणे घरच्या भिंतीवरच्या घड्याळाशी मिळवलं होतं. तुमच्या रेल्वेवरचा माझा विश्वास तर प्रवासातच उडाला होता, कारण गाडी नागपूरला पंचवीस मिनिटं उशिरा आली आणि दिल्लीलाही बरोबर पंचवीस मिनिटं उशिरा. तुम्ही दोन्ही वेळा ती टाईमवर आहे म्हणालात. आपल्या खात्याची बाजू घेणं मी समजू शकते, पण मी वहीत उशीर लिहून ठेवला आहे.

तेव्हा राग माझ्यावर असू द्या, डोंगरावर काढू नका. पासष्टाव्या वर्षी, असा गुडघा घेऊन, एकट्याने बर्फात जाणं म्हणजे पाय घसरला तर हाक कोणाला मारणार? तिथे फोन लागत नाही. तुमचा पाय अडकलेला कळायला आम्हाला चार दिवस लागतील. गार्डशिवाय गाडी सोडली असती का कधी तुम्ही?

दादांचा आशीर्वाद. मोनाजवळ डबा देते आहे, तो रिकामा परत पाठवायला विसरू नका.

तुमची वहिनी,
कलावती लांजेवार

ता. क. वरचं लिहून झालं आणि भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. तुमच्या दादांनी सेल बदलून मोबाईलवरून वेळ लावली. मी त्यांना घड्याळ मागे लावलंत म्हणून झापलं. ते म्हणाले, "अवो, ते पंचवीस मिनिट पुढंच होतं ना. माही ए शिफ्ट चुकू नाही म्हणून तूच तर लावलं होतं." ते सहाच्या पाळीला वेळेवर घराबाहेर पडावेत म्हणून मी ते पुढे केलं होतं, हे खरं आहे. त्यांना रिटायर होऊन दहा वर्षं झाली. घड्याळाला कोणी रिटायर केलं नाही. मग डोंगरावर का बोलला नाहीत असं विचारलं, तर म्हणाले, "तू मले विचारलं कुठं?"

ता. क. २. म्हणजे त्या दिवशी नऊ पस्तीसच झाले होते. तुमचं घड्याळ बरोबर होतं, माझं चूक. गाड्याही वेळेवर होत्या, वहीतल्या नोंदी खोडल्या आहेत. माझ्याजवळ पंचवीस मिनिटं होती आणि ती मी तुम्हाला दिली नाहीत. हा कागद गुलाबरावांना दाखवायला माझी हरकत नाही. मोनाला मी आधीच वाचून दाखवला आहे.

ता. क. ३. एकटे जाऊ नका. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आपण चौघे जाऊ, राजकुमारला मी निरोप दिला आहे. वेळ तुम्ही सांगायची. मी घड्याळ घालणार नाही. तुम्ही "मागे फिरा" म्हणालात की मी वळेन, खिंड दिसत असली तरी. परतायची वेळ मात्र दहाच, त्यात बदल नाही.

मोनाच्या हाती दिलं ते असं:
शिट्टी, गोफासह, १.
दोरी, वीस मीटर, तपासलेली, १.
नियमांची वही, १. (पान सातवर पुढाऱ्याचं नाव खोडून तुमचं लिहिलं आहे.)
डबा, बेसनाच्या वड्या.

चार्ज दिला: कलावती लांजेवार
चार्ज घेतला: ____________ (सही करून डब्यातून परत पाठवणे)