पासंग वजा जाता

१२ जानेवारी १९८७, बालाघाट
डॉक्टर म्हणाले, तुम्हाला शुगर आहे. कशावरून? तर भैयालाल लॅबवाल्याने स्पिरिटच्या दिव्यावर लघवीची नळी तापवली आणि रंग विटकरी आला. मी स्वतः पाहिला. शेंदरी होता. फार तर नारिंगी. तीस वर्षं नापतौल इन्स्पेक्टर म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक बाजारात खोटे तराजू जप्त केले, आणि आता हा मला रंग शिकवणार! म्हणाला, साहब, रंग तो रंग है. त्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे.
संकल्प: यापुढे घरीच मोजायचं. विश्वासू मशीन मी स्वतः निवडणार. साखर आजपासून बंद.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ खाल्ला नाही. (तीन वगळून. नाही म्हटलं की लोकांना वाईट वाटतं.)

१९ जानेवारी
जावई शरदचंद्र मलाजखंडहून आला. खाणीत इंजिनियर आहे, म्हणजे डोंगर पोखरतो. परदेशी जाऊन आलेल्या कुणा साहेबाकडून रक्त मोजायचं जपानी मशीन आणलंय. बोट टोचा, पट्टीवर थेंब टाका, मिनिटभर थांबा, कापसाने पुसा, परत मिनिटभर थांबा, मग आकडा. एवढ्या वेळात बाजारात पोतंभर धान तोलून होतं. माझा आकडा २८४. उपाशीपोटी शंभरच्या आसपास पाहिजे म्हणे. जावई तोंड पाडून बसला. त्याला म्हटलं, आकडा दिसला म्हणजे तो खरा असं नसतं, आधी तराजू तपासावा लागतो.

२० जानेवारी, सकाळी ७
तपासला. त्यासाठी प्रमाण वजन लागतं. ऑफिसात ते मखमलीच्या पेटीत असायचं. घरात ते म्हणजे माझी बायको, कालिंदी. बाळंतपण सोडलं तर ही कधी दवाखान्याची पायरी चढलेली नाही. निरोगी बाई, शंभर यायलाच पाहिजे. म्हणाली, मले काहून टोचता, शुगर तुमाले आहे ना. सांगितलं, वजनाने प्रश्न विचारायचे नसतात.
आकडा ३१८!
हसू आवरेना. मशीन रंगेहाथ पकडलं. जप्त करून कपाटावर ठेवलं. जावयाला कार्ड टाकलं: मशीन खोटं आहे.
हिशेब सोपा आहे. मशीनमध्ये २१८ चा पासंग आहे. (दुकानदार पारड्याखाली मेण चिकटवतात, तो पासंग.) माझे २८४, पासंग वजा जाता ६६. म्हणजे माझी शुगर जास्त नाहीच, कमी आहे! आणि कमी होणं फार धोक्याचं, हे डॉक्टरच म्हणाले होते. लगेच चौकात जाऊन पावभर जिलेबी घेतली. औषध म्हणून.

२ फेब्रुवारी
माठ झिरपतो. संध्याकाळी भरलेला, सकाळी अर्धा. कुंभाराला बोलावून झापलं. म्हणाला, साहब, कोई पी रहा होगा. खाली ताट ठेवून पाहिलं, ताट कोरडं. ही म्हणाली, मीच पेऊन राह्यली, घसा सुकते माहा. एवढ्याशा बाईने अर्धा माठ पाणी प्यायचं? असला जबाब मी नोकरीत कधी नोंदवून घेतला नसता. कुंभाराला नवा माठ आणायला सांगितलं.

१० फेब्रुवारी
दुसरं मशीन. गोंदियाच्या एका मेडिकलवाल्याने ट्रायलवर दिलंय. याला स्प्रिंगचं पेन आहे, टिक केलं की टोचतं, दुखत नाही. आरामशीर आहे, कबूल. पण आरामशीर तर गादीही असते. मी २७१. कालिंदी ३३०. दोन कंपन्यांची एकच लबाडी, सरळ संगनमत आहे. ही म्हणाली, दोन दोन मशिनी खोटं काहून बोलतीन? हिला बाजार माहीत नाही. एका बाजारात मी सतरापैकी सतरा तराजू खोटे पकडले होते. मशीन परत.
पासंगाचा हिशेब केला. माझी शुगर ४१! फारच खालावलो आहे. जिलेबी वाढवली.

२१ फेब्रुवारी
हिच्या बांगड्या हातातून घसरतात. कासाराने माप मोठं दिलं. मी भांडायला निघालो तर म्हणते, बांगड्या जुन्याच आहेत. उजव्या पायाच्या बोटाला नवी चप्पल लागली आहे, पंधरा दिवस झाले, जखम सुकत नाही. हळद लावायला सांगितलं.

१ मार्च
अखेर सापडलं! तिरोडीच्या ओळखीतल्या महागूने रंगपट्ट्यांची बाटली दिली. मशीन नाही, बॅटरी नाही. पट्टीवर थेंब टाकायचा आणि रंग बाटलीवरच्या रंगांशी जुळवायचा. बाटली त्याच्या वडिलांची. ते मागच्या वर्षी शुगरनेच गेले, पण बाटली शेवटच्या दिवसापर्यंत नॉर्मल दाखवत होती म्हणे. याला म्हणतात भरवसा. मुदत जून ८५ ला संपली आहे, म्हणजे अनुभवी. माझं नॉर्मल. कालिंदीचं नॉर्मल. प्रमाण वजन जुळलं! बाटलीवर लाल पेन्सिलने ‘तपासले, बरोबर’ लिहून सही केली.
शिरा करवून घेतला. ही नको म्हणत होती. मी आग्रहाने दोनदा वाढला.

८ मार्च
हिचं बोट काळं पडलं. चपलेचा रंग उतरला असणार. चप्पलवाल्याला जाऊन धरलं. म्हणाला, साहब, चप्पल तो लाल है. हे लोक असेच उलट बोलतात.
शरदचंद्राला परवाच सविस्तर पत्र टाकलंय. दोन्ही मशीनच्या खोटेपणाचा पुरावा म्हणून कालिंदीचे दोन्ही आकडे दिले. वाचून शरमेल.

११ मार्च
पत्र मिळताच जावई जीप घेऊन आला. सोबत आमची साधना. तिने आईचा पाय पाहिला, मग माझ्याकडे पाहिलंच नाही. सगळे गोंदियाला निघालो. डॉक्टरांना दाखवायला मी बाटली सोबत घेतली.

१२ मार्च, गोंदिया
कालिंदीची शुगर ३२६. मी विचारलं, तुमच्या लॅबचं यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं? डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन विचारलं, ही कोणाची? म्हटलं, महागूच्या वडिलांची. ते कुठे असतात? सांगितलं. डॉक्टरांनी बाटली फिरवून मुदतीची तारीख वाचली.

१४ मार्च
बोट काढलं. महिनाभर आधी आणलं असतं तर वाचलं असतं, असं डॉक्टर साधनाला सांगत होते. मी दाराशी होतो.
शुद्धीवर आल्यावर ही म्हणाली, साऱ्या जिल्ह्याच्या तराजूले विचारलं तुमी, मले नाही विचारलं का तुले काय होऊन राह्यलं. एवढं बोलून तिला झोप लागली. मला रडू आलं. जावई उठून बाहेर गेला. बरा माणूस आहे.

२२ मार्च, सकाळी ६, बालाघाट
जपानी मशीन कपाटावरून काढून धूळ पुसली. ते ३१८ म्हणालं होतं, मोठी लॅब ३२६ म्हणाली. आठाचा फरक नियमात बसतो. मशीन पास.
आधी हिचं पाहिलं, १९०. मग ही म्हणाली, आता तुमचं सांगा, खरं.
३०२.
वजाबाकी केली नाही.