डिशवरचा इग्लू

३ एप्रिल, सकाळ
नेट पुन्हा रडतंय. डिश नवी, आकाश मोकळं, मग माझं नेट जातं कुठे? चोरी. संशयित: शेजारचा किलिक्ती. दुसरं आहेच कोण एवढ्या जवळ!

मुलगी उलुरिया बाळंतपणासाठी विमानाने ओटावाला गेली आहे. इथे इस्पितळ नाही, गावातल्या सगळ्याच जातात. बाळ झालं की लगेच व्हिडिओ कॉल करणार. मुलगा होवो की मुलगी, नाव ठरलंय, पानिक्पाक. माझ्या आईचं. मागच्या शरदात ती गेली. आम्हा इनुइटांत बाळाला गेलेल्याचं नाव ठेवलं की तो माणूस परत येतो, म्हणजे आई परत आली. तिला सगळ्यांत आधी मी बघणार. ऐन वेळी नेट किलिक्तीच्या घशात गेलं तर?

५ एप्रिल
पासवर्ड बदलला. बायकोलाही सांगितला नाही. सिमिगा म्हणाली, मग मी बहिणीशी बोलू कशी? म्हटलं, वायरलेसवर बोल. तिने जेवायला हाक मारली नाही. गोठलेला मासा स्वतःच तोडून खाल्ला. सुरक्षा म्हटली की एवढं सोसावंच लागतं.

६ एप्रिल
रात्रभर बर्फ पडला. सकाळी डिशभोवती बुटांचे ठसे! डिशवर मात्र बर्फाचा कण नाही. म्हणजे कुणीतरी हाताळली. बाहेर आलो तर किलिक्ती उभा, हातात कपड्यांवरचा बर्फ झटकायची काठी. म्हणाला, काय पडलाय रे रात्री! मी म्हटलं, हो का? आणि दार आपटून आत आलो. चांगलाच वरमला असणार.

८ एप्रिल
किलिक्तीची बायको चहाला येऊन बसली. आमच्याकडे दार वाजवायची पद्धत नाही, हाच घोटाळा आहे. विचारत होती, उलुरियाचं काही कळलं का. नेट चालू आहे की बंद, हे काढून घ्यायचा डाव! मी अख्खा हिवाळा त्यांच्या घरी पाऊल टाकलेलं नाही. गेलं की पासवर्ड मागतील.

९ एप्रिल
उपाय सापडला. डिशवर इग्लू! बर्फाचे ठोकळे कापण्यात माझा हात धरणारा गावात कुणी नाही. दार ठेवलंच नाही. सिमिगा म्हणाली, अरे, डिशला आकाश नको का दिसायला? म्हटलं, इग्लूत दिवा लावला की उजेड बाहेर येतो ना? मग नेट आत का येणार नाही? कपाळाला हात लावून आत गेली. पटलं असावं.

१० एप्रिल
नेट चालू! अडखळतं, पण चालू. किलिक्ती म्हणाला, अलूपा, ती डिश गरम होते रे, बर्फ वितळवायला. मी नुसता हसलो. चोराला केवढी काळजी!

१२ एप्रिल, दुपार
नेट बंद. इग्लू आतून वितळला आणि पुन्हा गोठून दगड झालाय. कुऱ्हाड चालवली तर डिशच जायची. सिमिगाचा सकाळपासून पत्ता नाही. किलिक्तीच्या घरासमोर स्नोमोबाइलची रांग. माझ्याविरुद्ध बैठक. नक्की.

१२ एप्रिल, संध्याकाळ
रंगेहाथ पकडायला गेलो. अख्खं गाव आत, सीलच्या रश्श्याच्या पातेल्याभोवती. भिंतीवरच्या टीव्हीत उलुरिया, कुशीत बाळ. मुलगा. आमच्याकडे फोन लागेना, म्हणून तिने सकाळीच इथे लावला, तो अजून चालूच. किलिक्तीची स्वतःची डिश आहे. घरामागे. मागच्या उन्हाळ्यापासून.

सिमिगाने सगळ्यांसमोर ऐकवलं, आपल्या डिशवरचा बर्फ हा बिचारा किलिक्ती रोज सकाळी झटकायचा, तुझी कंबर दुखते म्हणून. यावर इथे काही लिहिणार नाही.

सगळ्यांचं आईला बघून झालं होतं. दुकानातल्या गल्ल्यावरच्या बाईचंसुद्धा. मग मला पुढे ढकललं. कपाळ अगदी आईचं. मला रडूच आलं. उलुरिया बाळाच्या वतीने म्हणाली, तुझी आई विचारतेय, लेका, सगळे येऊन गेले, तू कुठे होतास?

मी म्हणालो, इथे वादळ होतं गं आई.

खिडकीबाहेर संध्याकाळीही लख्ख ऊन, आणि उन्हात चमकणारा माझा इग्लू. कुणी हसलं नाही. किलिक्ती माझ्या खांद्याशी येऊन म्हणाला, हो ना, फार मोठं वादळ होतं.

आईशी पहिलंच बोलणं, आणि तेही खोटं. साक्षीला किलिक्ती.